शिक्षेपुरती स्वतंत्र

१ जुलै २०२४ पासून देशात भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या १०६ व्या कलमात निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची शिक्षा सांगितली आहे. कुणालाही ती पाच वर्षांपर्यंत होऊ शकते. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या हातून वैद्यकीय प्रक्रिया करताना मृत्यू ओढवला, तर मात्र दोन वर्षांपर्यंतच. हा नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक कोण, याचा खुलासा कलमाखालीच आहे: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याने मान्य केलेली पात्रता ज्याच्याकडे आहे आणि वैद्यकीय नोंदवहीत ज्याचे नाव आहे, तो. परिचारिकेचे नाव त्या नोंदवहीत नसते, परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते. म्हणजे एकाच टेबलापाशी उभ्या असलेल्या दोघांकडून सारखाच हलगर्जीपणा झाला, तरी डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि परिचारिकेला पाच. जुन्या भारतीय दंड संहितेच्या ३०४-अ कलमात हा भेद नव्हता. तिथे दोघांनाही दोन वर्षांचीच कमाल मर्यादा होती. नव्या संहितेची चर्चा चालू असताना डॉक्टरांच्या संघटनेने सवलत मागितली आणि डिसेंबर २०२३ मध्ये ती कायद्यात आली. मागणी रास्त होती. पण त्याच खोलीत, त्याच रुग्णाशेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या व्यावसायिकाचा विचार त्या वाक्यात कुठेच नाही, आणि तो नाही हे फारसे कुणाच्या लक्षातही आले नाही.

परिचर्येचे कायदे, तिची नीतितत्त्वे आणि तिचा व्यावसायिक दर्जा या तिन्हींत मला हीच एक विसंगती पुन्हा पुन्हा दिसते. चूक कुणाची असा प्रश्न आला, की परिचारिका स्वतंत्र व्यावसायिक ठरते: तुझी नोंदणी आहे, तुला ज्ञान आहे, तू विचार करायला हवा होतास. निर्णय कुणाचा असा प्रश्न आला, की तीच परिचारिका डॉक्टरची मदतनीस होते: सांगितले तेवढे कर. या दोन भूमिका एकाच माणसाच्या वाट्याला एकाच वेळी येऊ शकत नाहीत. जबाबदारी स्वतंत्र असेल तर तिच्याबरोबर अधिकारही स्वतंत्र हवा. आणि अधिकार द्यायचा नसेल, तर जबाबदारीचा वाटा ज्याने अधिकार राखून ठेवला त्याच्याकडे जायला हवा. या लेखातला माझा दावा एवढाच आहे. तो साधा वाटतो, पण मान्य केला तर आपल्या रुग्णालयांच्या बऱ्याच रीती बदलाव्या लागतील.

आधी हे पाहू, की कायदा परिचारिकेला व्यावसायिक मानतो म्हणजे नेमके काय करतो. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा, महाराष्ट्राचा परिचारिका कायदा १९६६ चा. आता केंद्रात २०२३ चा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोग कायदा आला आहे. या सगळ्यांच्या मुळाशी नोंदवही आहे. ठरलेले शिक्षण घेतलेल्या आणि नोंदणी झालेल्या व्यक्तीनेच हे काम करावे, आणि तिने व्यवसायाला न शोभणारे वर्तन केले तर नाव काढून टाकता यावे. नोंदणी ही केवळ कागदी बाब नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या स्प्रिंग मेडोज निकालातून कळते. दिल्लीच्या एका रुग्णालयात विषमज्वरासाठी दाखल केलेल्या लहान मुलाला परिचारिकेने चुकीचे औषध शिरेतून टोचले. मुलाचे हृदय बंद पडले, मेंदूला कायमची इजा झाली. त्या परिचारिकेची कोणत्याही परिषदेत नोंदणी नव्हती. न्यायालयाने मुलाला साडेबारा लाखांची आणि आईवडिलांना पाच लाखांची भरपाई कायम केली, आणि ती रुग्णालयाकडून वसूल होणार होती. दोष सुई हाती घेणारीपाशी थांबवून चालत नाही, अपात्र हातात सुई देणाऱ्यापर्यंत तो जातो, हे तत्त्व दिवाणी बाजूने इतके स्पष्टपणे मान्य झालेले आहे. फौजदारी बाजूला आणि खात्याच्या चौकशीत मात्र आपण ते सोडून देतो.

९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. सतरा बाळांपैकी सात वाचवता आली, दहा दगावली. चौकशी झाली, जिल्हा शल्यचिकित्सकांचे निलंबन झाले, कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या सेवा संपवल्या गेल्या, आणि पुढच्या महिन्यात पोलिसांनी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोविड अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण मेले. काही दिवसांत एका वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना अटक झाली. कोणत्या परिचारिकेने त्या वेळी काय केले आणि काय करायला हवे होते, हे न्यायालयाने पुराव्यावरून ठरवायचे आहे, माझे ते काम नाही. रुग्णाला सोडून जाणे हा परिचर्येतला मोठा अपराध आहे आणि तो सिद्ध झाला तर शिक्षा व्हावी. पण विजेचे जोडकाम, उपकरणांची देखभाल, अग्निशमनाची सोय, बाहेर पडण्याचा मार्ग, रात्रपाळीला किती जणी असाव्यात, यांतले काहीही परिचारिकेच्या हातात नसते. अधिपरिचारिका गादी मागू शकते, सलाइन मागू शकते. वायरिंग बदला असे ती लिहून देऊ शकते, पण ते बदलले नाही म्हणून कक्ष बंद ठेवू शकत नाही. ज्यांच्या हातात हे सगळे होते, त्यांच्यावर बहुधा खात्याची कारवाई होते. ज्यांच्या हातात यांतले काही नव्हते, त्यांच्या दाराशी पोलीस येतात.

इथे सर्वोच्च न्यायालयाचा ५ ऑगस्ट २००५ चा जेकब मॅथ्यू निकाल आठवतो. डॉक्टरांविरुद्धच्या फौजदारी कारवाईला लगाम घालणारा म्हणून तो प्रसिद्ध आहे. त्यातली हकिकत मात्र फारशी कुणी वाचत नाही. लुधियानाच्या रुग्णालयात रात्री अकराच्या सुमाराला एका वृद्ध रुग्णाला श्वास घेता येईना. मुलाने ड्यूटीवरच्या परिचारिकेला सांगितले, तिने डॉक्टरांना बोलावले, वीस-पंचवीस मिनिटे कुणी आले नाही. मग डॉक्टर आले, ऑक्सिजनचे सिलिंडर जोडले, ते रिकामे निघाले. शेजारच्या खोलीतून दुसरे आणले, ते चालू करण्याची व्यवस्था नव्हती. रुग्ण गेला. न्यायालयाने म्हटले ते असे, की सिलिंडर रिकामे असणे किंवा उपलब्ध नसणे यासाठी रुग्णालय दिवाणी कायद्याने जबाबदार ठरू शकेल, पण त्यापायी या डॉक्टरवर फौजदारी खटला चालवता येणार नाही. शिवाय दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे मत घेतल्याशिवाय गुन्हा पुढे नेऊ नये आणि सरसकट अटक करू नये, असे दंडकही घालून दिले. किती विवेकी विचार आहे हा. संस्थेची उणीव एका माणसाच्या माथी मारायची नाही, आणि त्या क्षणी त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला न्याय द्यायचा तर त्या कामाची जाण असणाऱ्याला विचारायचे. रिकामे सिलिंडर ही डॉक्टरच्या बाबतीत संस्थेची चूक असेल, तर न चालणारे अग्निशामक यंत्र परिचारिकेच्या बाबतीत तिची व्यक्तिगत चूक कशी होते? पण निकालातले दंडक शब्दशः डॉक्टरांसाठी आहेत. परिचारिकेच्या कृतीबद्दल अनुभवी परिचारिकेचे मत घ्यावे, हे त्यांच्यात लिहिलेले नाही.

नीतिशास्त्राकडे वळल्यावर चित्र अधिक गुंतागुंतीचे होते, कारण तिथे विसंगती अनेक दशके आतूनच पोसली गेली. १८९३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या प्रशिक्षण शाळेत फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या नावाने एक शपथ तयार झाली. आपल्याकडच्या दीपप्रज्वलनाच्या समारंभात तिचीच रूपे म्हटली जातात. त्या मूळ शपथेत डॉक्टरच्या कामात निष्ठेने साहाय्य करीन असे वचन होते. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये पहिली नीतिसंहिता केली, तिच्यातही डॉक्टरचे आदेश समजून आणि निष्ठेने पाळणे हे कर्तव्य होते. १९७३ मध्ये संहितेने वळण घेतले: परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्यांना परिचर्येची गरज आहे त्या माणसांशी आहे, असे तिने म्हटले. निष्ठेचा पत्ता डॉक्टरकडून रुग्णाकडे बदलला. माझ्या मते परिचर्येच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा क्षण आहे, कारण तोपर्यंत चांगली परिचारिका म्हणजे आज्ञाधारक परिचारिका होती, आणि त्यानंतर आज्ञा चुकीची असेल तर ती न पाळणे हेच तिचे कर्तव्य झाले. भारतीय परिचर्या परिषदेच्या संहितेतही आज रुग्णाचा सन्मान, त्याची गुप्तता, माहिती घेऊन संमती देण्याचा किंवा नाकारण्याचा त्याचा हक्क हेच केंद्रस्थानी आहे. मात्र संहिता बदलली म्हणून वॉर्ड बदलतो असे नाही.

तो का बदलत नाही, याचा १९६६ मधला एक पुरावा अजूनही अस्वस्थ करतो. चार्ल्स हॉफलिंग या मानसोपचारतज्ज्ञाने अमेरिकेतल्या रुग्णालयांत रात्री परिचारिकांना एका अनोळखी डॉक्टरच्या नावाने फोन करवला आणि एका रुग्णाला एका औषधाचे वीस मिलिग्रॅम द्यायला सांगितले. बाटलीवर कमाल मात्रा दहा मिलिग्रॅम लिहिलेली होती, औषध वॉर्डाच्या मान्य यादीत नव्हते, आणि फोनवरून असा आदेश घेणे नियमाविरुद्ध होते. बावीसपैकी एकवीस परिचारिका औषध द्यायला निघाल्या. वाटेत त्यांना थांबवले गेले. औषध अर्थातच निरुपद्रवी होते. हा प्रयोग बहुतेक जण परिचारिकांच्या आज्ञाधारकपणाचा दाखला म्हणून सांगतात आणि तिथेच थांबतात. पण १९७७ मध्ये रँक आणि जेकबसन यांनी तो पुन्हा केला, तेव्हा त्यांनी परिचारिकांच्या ओळखीचे औषध निवडले आणि त्यांना सहकाऱ्यांशी बोलायला मोकळीक ठेवली. या वेळी अठरांपैकी फक्त दोघी ती मात्रा द्यायला तयार झाल्या. स्वभाव दहा-अकरा वर्षांत असा बदलत नाही. औषधाचे ज्ञान आणि विचारायला शेजारी कुणीतरी असणे, यांनी फरक पडला. आपल्या पाठ्यपुस्तकांत नीतीचे प्रकरण वाचताना वाटते, की सगळे परिचारिकेच्या सचोटीवर आणि धैर्यावर अवलंबून आहे. सचोटी तर हवीच. परंतु चाळीस रुग्णांच्या वॉर्डात रात्री एकटी असलेली मुलगी, हातात फोन, पलीकडून वैतागलेला आवाज, आणि ज्याच्याशी सल्लामसलत करावी असे कुणीच नाही, अशा वेळी धैर्याची अपेक्षा करणारी व्यवस्था स्वतः मात्र काहीच करत नसते.

फोनवरच्या आदेशाचे उदाहरण मुद्दाम घेतले, कारण कायदा, नीती आणि व्यवसाय यांची गाठ तिथेच रोज पडते. नियम असा, की तोंडी आदेश केवळ निकडीच्या वेळी घ्यावा, लिहून घ्यावा, उलट वाचून दाखवावा, आणि डॉक्टरने नंतर त्यावर सही करावी. प्रत्यक्षात सही राहून जाते, आणि ती मागायला गेलेली सिस्टर किरकिरी ठरते. काही महिन्यांनी प्रकरण न्यायालयात गेले तर केसपेपरवर काय आहे तेवढेच दिसते. लिहिलेले नाही ते केलेले नाही, असे परिचर्येच्या वर्गात पहिल्या वर्षापासून शिकवतात. सही नाही तो आदेश दिलेला नाही, हे मात्र डॉक्टरांच्या वर्गात तितक्या निष्ठेने शिकवले जाते का, याची मला शंका आहे. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्राचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली निकालात सांगितले, की एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीला लागू होत नाही आणि रुग्णाला पुरेशी माहिती मिळाली पाहिजे. ती माहिती देणे शस्त्रक्रिया करणाऱ्याचे काम. पण कागद पुढे करणारी, इथे अंगठा लावा म्हणणारी असते परिचारिका. रुग्णाला काहीच कळलेले नाही हे तिला दिसते. अशा वेळी कागद तसाच परत पाठवण्याचा अधिकार तिच्याकडे हवा, आणि तो वापरला म्हणून दुसऱ्या दिवशी तिची बदली होता कामा नये.

इथे पहिला गंभीर आक्षेप येतो, आणि तो डॉक्टरांचाच असतो असे नाही, अनेक रुग्णही तो घेतील. उपचाराचा निर्णय एकानेच घ्यायचा असतो. डॉक्टरचे शिक्षण दीर्घ आणि वेगळे आहे. परिचारिकेला नकाराचा अधिकार दिला तर आणीबाणीच्या क्षणी वाद होतील, वेळ जाईल, माणूस मरेल. या आक्षेपातली काळजी खरी आहे, म्हणून त्याला तत्त्वाने नव्हे तर अनुभवाने उत्तर द्यायला हवे. मिशिगन राज्यात पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायची पाच साधी पावले ठरवली: हात धुणे, निर्जंतुक आवरणे वापरणे, त्वचा स्वच्छ करणे वगैरे. यांत नवे काहीच नव्हते. नवे हे होते, की डॉक्टरने एखादे पाऊल गाळले तर परिचारिकेने त्याला थांबवायचे, आणि रुग्णालय तिच्या पाठीशी उभे राहणार. अठरा महिन्यांत त्या नळीमुळे होणाऱ्या रक्तसंसर्गाचा मध्यांक दर हजार नळी-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला. २००६ मध्ये हे निष्कर्ष न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया तपासणी-यादीचाही अनुभव असाच. आठ शहरांत, त्यांत नवी दिल्लीही होती, ती वापरल्यावर मृत्यूचे प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आले. ती यादी मोठ्याने वाचण्याचे काम बहुधा परिचारिकेकडे असते, आणि वाचून होईपर्यंत चाकू चालत नाही. यादीत इतरही बऱ्याच गोष्टी होत्या, सगळे श्रेय परिचारिकेच्या अधिकाराला देणे चूक ठरेल. पण त्या अधिकाराने गोंधळ माजतो आणि माणसे मरतात, हे म्हणणे या आकड्यांपुढे टिकत नाही. निदान करण्याचा अधिकार परिचारिका मागतच नाही. थांबा, पुन्हा पाहा, लिहून द्या, एवढे म्हणण्याचा ती मागते आहे.

आणि खरे सांगायचे तर याहून मोठा अधिकार शासनाने तिला केव्हाच दिला आहे, फक्त जिथे डॉक्टर जायला तयार नाही तिथे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दुर्गम भागातल्या उपकेंद्रावर एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका) ताई एकटीने बाळंतपण करते, रक्तस्राव थांबवण्याचे औषध देते, झटके येणाऱ्या बाईला पहिले इंजेक्शन टोचून पुढे पाठवते, आजारी तान्ह्या बाळाला प्रतिजैविकाची पहिली मात्रा देते. शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनीच तिला हे करायला सांगितले आहे. आता त्याच उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी आले आहेत, त्यांतले बरेच जण नर्सिंग शिकून आणि पुढचा छोटा अभ्यासक्रम करून आलेले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याच्या ३२ व्या कलमाने सामुदायिक आरोग्यसेवकाला प्राथमिक आरोग्यसेवेत मर्यादित औषधे स्वतः लिहून देण्याची तरतूद केली आहे. म्हणजे चाळीस किलोमीटरवर डॉक्टर असला की परिचारिकेची बुद्धी विश्वासार्ह असते, आणि चाळीस फुटांवर असला की तीच बुद्धी धोकादायक होते. तिला निर्णय घेता येतो का, याचे उत्तर शासनाने स्वतःच्या कृतीने दिलेले आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी, अतिदक्षता विभागात एकास एक. आपल्या सरकारी वॉर्डात कधी नातेवाईक म्हणून गेलेल्या कुणालाही या आकड्यांचे आश्चर्य वाटेल. ते कागदावर राहतात, आणि याचे कारण गरिबी आहे असे सांगितले जाते. पण हा आकडा सोयीचा प्रश्न नाही, जगण्यामरण्याचा आहे. लिंडा एकन यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखवले, की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मृत्यूची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. २०१४ मध्ये युरोपच्या नऊ देशांतल्या तशाच अभ्यासात पुन्हा तोच सात टक्क्यांचा आकडा आला. म्हणजे वॉर्डात एक परिचारिका कमी नेमणे हा देखील रुग्णाच्या जिवाविषयी घेतलेला निर्णय आहे. फरक इतकाच, की तो घेणाऱ्याची सही कोणत्याही केसपेपरवर नसते. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्याने २०१६ मध्ये दिवसा चार रुग्णांमागे एक आणि रात्री सातांमागे एक असे प्रमाण ठरावीक सरकारी रुग्णालयांना लागू केले. २०२१ च्या लॅन्सेटमधल्या अभ्यासानुसार मृत्यू घटले, रुग्ण लवकर घरी गेले आणि पुन्हा दाखल होणे कमी झाले; त्यातून वाचलेला खर्च परिचारिका वाढवण्याच्या खर्चाच्या दुपटीहून अधिक निघाला. आपली परिस्थिती वेगळी, हे मान्य. तरी देशाच्या नोंदवह्यांत तेहतीस लाखांहून अधिक परिचर्या व्यावसायिकांची नावे आहेत. शिकलेल्या मुलींचा तुटवडा आहे असे म्हणता येत नाही. त्यांतल्या पुष्कळ जणी आखातात, ब्रिटनमध्ये, जर्मनीत जातात, कारण इथे कंत्राट आहे आणि तिथे पद आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांत किमान वीस हजार वेतन असावे असे सुचवले. तो आकडा किती माफक आहे हे सांगायला नको. २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिकांनी बाह्यस्रोतातून भरती करण्याविरुद्ध संप केला, तेव्हा रुग्णांचे काय, असा प्रश्न विचारला गेला. विचारलाच पाहिजे. पण बारा महिने रिकाम्या राहिलेल्या जागांबद्दल तोच प्रश्न तितक्याच आवेशाने कुणी विचारत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत मवाळ भाषेत येतो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. परिचर्या ही सेवा आहे, हक्काची भाषा तिला शोभत नाही, असा तो. महाराष्ट्राला सेवेची परंपरा परकी नाही. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींना आणि विधवांना नर्सिंग शिकायला पाठवले, ते परक्या पुरुषाला हात लावणे हीच बदनामी समजली जाण्याच्या काळात. पण त्या मुलींना सेवासदनाने शिक्षण, प्रमाणपत्र आणि स्वतःची कमाई मिळवून दिली. नुसता त्याग शिकवला नाही. आणि सेवा आणि अधिकार यांचा संबंध आपल्या न्यायव्यवस्थेने एकदा फार स्पष्टपणे ओळखला आहे, तो अरुणा शानबाग प्रकरणात. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात या परिचारिकेवर तिथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला, आणि पुढची एकेचाळीस वर्षे ती त्याच रुग्णालयात अर्धचेतन अवस्थेत राहिली. परिचारिकांच्या पिढ्या बदलल्या, तिचे खाणे, पुसणे, कूस बदलणे चुकले नाही. इतकी वर्षे अंथरुणावर असून तिला शय्याव्रण होऊ दिला नाही, ही गोष्ट परिचर्येतल्या कुणालाही विचारा, किती कठीण आहे ते सांगेल. तिचा आहार बंद करण्याची परवानगी मागणारी एका लेखिकेची याचिका सर्वोच्च न्यायालयात आली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने काटेकोर अटींवर निष्क्रिय दयामरणाला मान्यता दिली, आणि अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, याचे उत्तर दिले: याचिका करणाऱ्या लेखिकेचा नव्हे, तर रात्रंदिवस तिची काळजी घेणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. त्यांना ती जगायला हवी होती. १८ मे २०१५ ला न्यूमोनियाने तिचा मृत्यू होईपर्यंत त्यांचे म्हणणे मानले गेले. त्या निकालाच्या तात्त्विक बाजूवर मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण जवळून काळजी घेतल्याने ज्ञान येते आणि त्या ज्ञानातून बोलण्याचा हक्क निर्माण होतो, हे देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने मान्य केले. एका असाधारण रुग्णाबाबत जे पटले, ते वॉर्डातल्या साधारण रुग्णाबाबत का पटू नये?

उरतो एक आक्षेप, ज्याची बाजू मला सर्वांत बळकट वाटते: संस्थेकडे बोट दाखवायची सोय केली, की निष्काळजी परिचारिका सुटतील. व्यक्तिगत उत्तरदायित्व सैल पडेल. रुग्णाच्या दृष्टीने हा धोका खोटा नाही. औषध न पाहता टोचणारी, नोंद खोटी लिहिणारी, रुग्णावर खेकसणारी माणसे या व्यवसायात आहेत, आणि त्यांची नोंदणी रद्द करण्याचे काम परिषदांनी अधिक तत्परतेने करायला हवे. परंतु तुरुंगाची भीती चूक कमी करते, की चूक लपवायला शिकवते, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका परिचारिकेने २०१७ मध्ये यंत्रातून झोपेच्या औषधाऐवजी स्नायू लुळे करणारे औषध काढले आणि रुग्ण दगावली. चूक लक्षात येताच तिने ती कबूल केली. २०२२ मध्ये ज्यूरीने तिला फौजदारी निष्काळजीपणासाठी दोषी धरले. तिची चूक भयंकर होती, अनेक इशारे तिने डावलले होते. तरी तिथल्या परिचारिका संघटनांनी धास्ती व्यक्त केली ती हीच, की यापुढे आपली चूक सांगायला कोण पुढे येईल. चूक नोंदली गेली तरच सारख्या दिसणाऱ्या दोन कुप्या वेगळ्या कप्प्यांत ठेवल्या जातात. नोंदच झाली नाही तर पुढची परिचारिका तीच चूक करते, फक्त रुग्ण दुसरा असतो. म्हणून हेतुपुरस्सर किंवा बेदरकार वर्तन आणि थकल्या हाताने झालेली चूक यांत फरक करणारी चौकशी हवी, आणि ती करणाऱ्यांत परिचर्येतले जाणकार हवेत.

हे सगळे करायला फार मोठी क्रांती लागणार नाही. न्याय संहितेच्या १०६ व्या कलमाखालच्या स्पष्टीकरणात परिचर्या नोंदवहीतल्या व्यक्तींचा समावेश करणारी एक ओळ संसदेला घालता येईल. जेकब मॅथ्यू निकालातले दंडक परिचारिकांना लागू आहेत आणि मत देणारी व्यक्ती परिचर्येतली असावी, असे परिपत्रक राज्याच्या गृहखात्याला काढता येईल. नव्या राष्ट्रीय आयोगाला व्यावसायिक वर्तनाचे नियम करायचे आहेत. त्यांत परिचारिकेच्या कर्तव्यांइतक्याच स्पष्टपणे हेही लिहावे, की असुरक्षित वाटलेला आदेश कारण नोंदवून रोखणे हे गैरवर्तन नाही, आणि पात्रतेबाहेरचे काम किंवा निकषाच्या कितीतरी पट रुग्ण सोपवले गेल्याची लेखी हरकत घेतल्यावर त्या पाळीतल्या परिणामांची जबाबदारी ती हरकत वाचणाऱ्या अधिकाऱ्याकडेही जाते. प्रत्येक वॉर्डाच्या दाराशी त्या पाळीत किती रुग्ण आणि किती नोंदणीकृत परिचारिका आहेत हे फळ्यावर लिहायचे ठरवले, तर त्याला खडूखेरीज काही लागत नाही. नातेवाइकाला ते वाचता येईल, चौकशी अधिकाऱ्यालाही, आणि पुन्हा कधी मध्यरात्री आग लागली, तर त्या पाळीत किती जणी होत्या आणि ती संख्या कुणी ठरवली, हा प्रश्न गुन्हा नोंदवण्याआधी विचारता येईल.